बायकांनी मांडलेलं दुकान

१९७० साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात रोझिना रिक्टर आणि ज्युली मोर्स या दोघींनी पुस्तकांचं दुकान सुरू केलं. स्वतंत्र गाळा घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. काही जणी मिळून एका घरात राहत होत्या, त्या घराच्या पुढच्या पडवीत पुस्तकं मांडली गेली. कुणी दार वाजवलं की घरात जी असेल ती उठून यायची आणि पुस्तकं दाखवायची. ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या स्त्रियांवरून दुकानाचं नाव ठेवलं ‘ॲमेझॉन’. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ‘अ वुमन्स प्लेस’ उभं राहत होतं. पुढच्या पाचेक वर्षांत टूसॉन, लॉस एंजेलिस, केंब्रिज, अटलांटा, ऑस्टिन, मॅडिसन, न्यूयॉर्क आणि कॅनडातलं टोरांटो अशा शहरांत स्त्रीवादी पुस्तकांची दुकानं निघत गेली. १९९० च्या दशकाच्या मध्याला उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली होती.

स्त्रीमुक्ती चळवळीचा इतिहास आपण बहुधा मोर्च्यांतून, कायद्यांतून आणि गाजलेल्या पुस्तकांतून वाचतो. पुस्तक लिहून झालं, छापून झालं, की ते वाचकापर्यंत पोचणारच असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते कुणीतरी मागवावं लागतं, पार्सल फोडून नेमक्या जागी लावावं लागतं, संपलं की पुन्हा मागवावं लागतं. प्रकाशकाने ते छापणं थांबवलं तर त्याच्याशी भांडावं लागतं. हे काम ज्या बायकांनी तीस वर्षं केलं, त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. माझ्या मते त्या चळवळीचा कणा त्यांच्या दुकानांत होता, आणि म्हणून त्यांची गोष्ट नीट सांगितली पाहिजे.

नवऱ्याच्या सहीशिवाय

ही दुकानं निघाली तेव्हा अमेरिकेत बाईला स्वतःच्या नावावर कर्ज मिळणं अवघड होतं. मिळवती असली तरी बँक नवऱ्याची सही मागे. लिंग किंवा वैवाहिक स्थिती पाहून कर्ज नाकारता येणार नाही, असा कायदा १९७४ साली झाला. म्हणजे पहिली काही दुकानं बँकेच्या आधाराशिवायच उभी राहिली. साठवलेली पुंजी, मैत्रिणींकडची उसनवारी, वर्गणी आणि फुकट श्रम हे त्यांचं भांडवल. गल्ल्यावर बसणाऱ्या अनेक जणींना कित्येक महिने पगार नसे; त्या दुसरीकडे नोकरी करून इथे पाळ्या लावत.

विकायला तरी काय होतं? मोठ्या प्रकाशकांच्या लेखी बायकांची पुस्तकं म्हणजे पाककृती, बालसंगोपन आणि प्रेमकथा. चळवळीचं लिखाण पत्रकांतून, सायक्लोस्टाइल केलेल्या टिपणांतून आणि छोट्या वर्तमानपत्रांतून फिरत होतं. या फुटकळ कागदांना मांडायला जागा दिली ती या दुकानांनी.

त्यातलंच एक लिखाण पुढे जगभर गेलं. १९६९ साली बॉस्टनमधल्या काही जणी आपल्या शरीराविषयी आणि डॉक्टरांच्या वागण्याविषयी बोलायला एकत्र जमल्या. चांगल्या डॉक्टरांची यादी करायची असा पहिला बेत होता; तशी यादी काही होईना. मग त्यांनी स्वतःच वैद्यकीय ग्रंथ वाचले, आपापले अनुभव ताडून पाहिले आणि १९७० मध्ये १९३ पानांची एक साधी पुस्तिका छापून घेतली. किंमत ७५ सेंट. पाळी, गर्भनिरोध, बाळंतपण, लैंगिक सुख, गर्भपात यांविषयी त्यात सरळ भाषेत लिहिलं होतं, आणि तेही गर्भपात बहुतेक राज्यांत गुन्हा असताना. जाहिरातीशिवाय, हातोहात, तिच्या दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या. १९७३ मध्ये ‘सायमन अँड शुस्टर’ या बड्या कंपनीने ती ‘अवर बॉडीज, अवरसेल्व्ह्ज’ या नावाने ग्रंथरूपात काढली. बायकांना हे वाचायचं आहे याचा पुरावा तोवर बायकांनीच तयार करून ठेवला होता.

कादंबरीच्या बाबतीतही असंच घडलं. रीटा मे ब्राउन यांची ‘रुबीफ्रूट जंगल’ ही समलिंगी नायिकेची बेधडक कादंबरी मोठ्या प्रकाशकांनी नाकारली. जून अर्नोल्ड आणि पार्क बोमन यांच्या ‘डॉटर्स’ या छोट्या प्रकाशनाने ती १९७३ मध्ये छापली आणि सुमारे ७० हजार प्रती खपल्या. १९७७ मध्ये ‘बँटम’ने तिचे हक्क अडीच लाख डॉलरना घेतले. मधली चार वर्षं ती वाचकांपर्यंत नेण्यात स्त्रियांच्या दुकानांचा वाटा मोठा होता.

काउंटरच्या पलीकडे

ओकलंडच्या दुकानाच्या पूर्ण नावात ‘माहिती केंद्र’ असे शब्द होते आणि ते शब्दशः खरे होते. मागच्या भागात ‘विमेन्स प्रेस कलेक्टिव्ह’चं छपाईयंत्र चाले. कवयित्री जूडी ग्रान आणि त्यांच्या सोबतिणी तिथे स्वतः पुस्तकं छापत. पुढे सूचनाफलक. कुणाला भाड्याने खोली हवी, कुणाला बायकांचे खटले लढवणारी वकील हवी, कुणाला मुलं सांभाळायला जोडीदारीण हवी, कुठे सभा आहे, कुठे संप आहे, सगळं त्या फलकावर. बसायला खुर्च्या, मुलांना खेळायला कोपरा. पुस्तक घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

त्या काळी नवऱ्याची मारहाण ही पोलिसांच्या लेखी घरगुती बाब होती आणि पीडित स्त्रियांसाठीची आश्रयगृहं नुकती कुठे सुरू होत होती. घरातून निघालेल्या बाईने जायचं कुठे? पुस्तकांच्या दुकानात शिरताना तिला कुणाला काही सांगावं लागत नसे. आत गेल्यावर बलात्कारविरोधी केंद्राचा फोन नंबर मिळे, आश्रयगृहाचा पत्ता मिळे, आणि आपल्यावर जे होतंय त्याला नाव आहे, त्यावर कुणीतरी लिहिलं आहे, हेही कळे. दुकान चालवणाऱ्या जणी समुपदेशनाचं शिक्षण घेतलेल्या नव्हत्या. समोरच्या बाईचं ऐकून घेणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं त्या करता करता शिकल्या.

समलिंगी स्त्रियांसाठी ही जागा आणखी मोलाची होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता १९७३ च्या अखेरीपर्यंत आजारांच्या यादीत ठेवली होती. समलिंगी आईची मुलं न्यायालय काढून घेई. एकमेकींना भेटायचं तर रात्रीचे बार, आणि तिथेही पोलिसांच्या धाडींची भीती. भर दिवसा, रस्त्यावरच्या दारातून आत जाऊन आपल्यासारख्या कुणाची कथा हातात घेता येणं हे स्वातंत्र्य अनेकींना आयुष्यात पहिल्यांदा या दुकानांनी दिलं. यातली कितीतरी दुकानं समलिंगी स्त्रियांनीच उभी केली आणि चालवली होती.

पुस्तकं लावण्याची रीतही विचारपूर्वक घडवलेली होती. बड्या दुकानात हिंसेवरचं पुस्तक मानसशास्त्रात, मजुरीवरचं अर्थशास्त्रात, गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्रीचं आत्मचरित्र इतिहासात जाई, आणि ही पुस्तकं एकमेकांना कधी भेटत नसत. इथे ती शेजारीशेजारी आली. विभागांची नावं ठरवायला बैठका होत, कधी त्या रात्री उशिरापर्यंत चालत. एका पुस्तकासाठी आलेली बाई शेजारची चार पुस्तकं चाळून जाई आणि आपला प्रश्न दुसऱ्या बाईच्या प्रश्नाशी जोडलेला आहे हे तिच्या ध्यानात येई. स्त्री-अभ्यासाचा अमेरिकेतला पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम १९७० मध्ये सॅन डिएगो इथे सुरू झाला. पुढे असे अभ्यासक्रम वाढत गेले तेव्हा शिकवायला काय घ्यावं हे पाहायला प्राध्यापिका या दुकानांत येत.

प्रत्येक दुकानाची तऱ्हा मात्र वेगळी. केंब्रिजचं ‘न्यू वर्ड्स’ १९७४ मध्ये चौघींनी काढलं. त्यांतल्या रीटा आर्डिटी या अर्जेंटिनात जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ. विज्ञानातल्या पुरुषी गृहीतकांवर त्यांनी लिहिलं आणि पुढे अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीत हरवलेल्या नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांवर पुस्तक केलं. अटलांटाचं ‘कॅरिस’ लिंडा ब्रायंट आणि बार्बरा बोर्गमन यांनी त्याच वर्षी काढलं. अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे चर्चचा आणि वर्णभेदाचा पगडा मोठा, तिथे ते आजतागायत टिकून आहे. शिकागोत ॲन क्रिस्टोफरसन आणि लिंडा बबन यांनी १९७९ मध्ये ‘विमेन अँड चिल्ड्रन फर्स्ट’ सुरू केलं. ज्यात मुली झाडावर चढतात, यंत्रं उघडतात, प्रवासाला निघतात अशी मुलांची पुस्तकं त्यांनी हुडकून आणली आणि त्यामुळे शेजारपाजारच्या आयाही मुलांचं बोट धरून दुकानात येऊ लागल्या.

नेब्रास्कातली छावणी

१९७६ च्या उन्हाळ्याच्या शेवटी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाजवळ एका छावणीच्या जागी देशभरातून शंभराहून अधिक बायका जमल्या. लेखिका, मुद्रक, प्रकाशक, वितरक, दुकानदार अशा छापील शब्दाशी जोडलेल्या या सगळ्या जणी. पुढाकार जून अर्नोल्ड यांचा. जागा देशाच्या मधोमध निवडली होती, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवरून येणाऱ्यांना सारखंच अंतर पडावं.

तिथली मुख्य चिंता व्यवहाराची होती. लिहिणारी बाई, जुळारी बाई, छापणारी बाई, वाटणारी बाई आणि विकणारी बाई अशी सलग साखळी उभी राहिली, तर मोठ्या कंपन्या आज आपल्याला छापतात आणि उद्या टाकून देतात ही टांगती तलवार राहणार नाही, असा तो विचार. साखळीतला एखादा दुवा कच्चा निघाला तरी सगळ्यांना झळ बसते, याचाही अनुभव लवकरच आला. वॉशिंग्टनची ‘विमेन इन डिस्ट्रिब्यूशन’ ही वितरणसंस्था १९७९ मध्ये बंद पडली आणि छोट्या प्रकाशनांची बिलं अडकली. त्याआधी १९७७ मध्ये ओकलंडच्या ‘डायना प्रेस’मध्ये कुणीतरी घुसून यंत्रांची आणि छापील कागदांची नासधूस केली होती.

ओमाहातून निघालेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट दिसायला साधी होती. दुकानदार बायकांनी ठरवलं की आपापसांत बातमीपत्र काढायचं. जबाबदारी घेतली कॅरल सीजे यांनी. त्या ओकलंडच्या दुकानात काम करून शिकलेल्या. त्याच वर्षी त्यांनी पॉला वॉलेस यांच्यासोबत सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हॅलेन्सिया रस्त्यावर ‘ओल्ड वाइव्ह्ज टेल्स’ हे दुकान काढलं, आणि त्यासाठी कर्ज दिलं ते बायकांनीच चालवलेल्या पतसंस्थेने. ऑक्टोबर १९७६ पासून बातमीपत्र निघू लागलं. पुढे ‘फेमिनिस्ट बुकस्टोअर न्यूज’ म्हणून ओळखलं गेलेलं हे नियतकालिक २००० पर्यंत चाललं.

त्यात काय असे? कोणतं नवं पुस्तक येतंय, कोणत्या छोट्या प्रकाशनाने काय छापलंय, मागणी कुठे पाठवायची, सूट किती मिळते, कोणता प्रकाशक पुरवठ्याला उशीर लावतो, कोणत्या पुस्तकाची आवृत्ती संपत आली आहे. हे शेवटचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एखादं पुस्तक बंद होणार असं कळलं की बातमीपत्रातून हाक जाई आणि देशभरच्या दुकानांतून प्रकाशकाकडे पत्रं आणि मागण्या जात. एकट्या दुकानाच्या दहा प्रतींच्या मागणीला कुणी विचारलं नसतं. शंभर दुकानांची मागणी एकदम आली की हिशेब बदले. मोठ्या प्रकाशनांतल्या संपादकही हळूहळू ते बातमीपत्र वाचू लागल्या, कारण पुढच्या वर्षी काय खपेल याचा अंदाज त्यांना तिथे मिळे.

स्त्रियांची पुस्तकं विसरली जातात ती आपोआप नव्हे, हे त्या पिढीला उमगलं होतं. न्यूयॉर्कच्या ‘फेमिनिस्ट प्रेस’ने १९७० च्या दशकात जुन्या, हरवलेल्या पुस्तकांचं पुनर्मुद्रण हेच आपलं काम मानलं. शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही गोष्ट त्यांनी १९७३ मध्ये पुन्हा छापली. १८९२ साली प्रसिद्ध झालेली ती कथा आज जगभरच्या अभ्यासक्रमांत आहे. मधल्या ऐंशी वर्षांत ती फारशी कुणाच्या हाती लागत नव्हती.

आपल्याच घरातला वाद

हा इतिहास फक्त एकजुटीचा म्हणून सांगणं खोटं ठरेल. पहिल्या दुकानांच्या बहुतेक चालक गोऱ्या होत्या. ‘सगळ्या स्त्रियांसाठी’ अशी पाटी लावलेल्या दुकानात काळ्या, लॅटिन, आशियाई आणि मूळनिवासी स्त्रियांची पुस्तकं किती, निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्या किती, हा प्रश्न उभा राहिला. तो बाहेरच्यांनी विचारला नव्हता. दुकानांच्या वाचकांनी आणि कामकरी सदस्यांनीच विचारला होता.

१९८० मध्ये बार्बरा स्मिथ आणि ऑड्री लॉर्ड यांनी इतर काही जणींसह ‘किचन टेबल’ हे प्रकाशन सुरू केलं. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांनी, अशाच स्त्रियांसाठी चालवलेलं. चेरी मोरागा आणि ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी संपादित केलेला ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हा संग्रह १९८१ मध्ये ‘पर्सेफनी प्रेस’ने काढला होता. दोनच वर्षांत ते प्रकाशन बंद पडलं आणि पुस्तक बाजारातून नाहीसं होण्याची वेळ आली. ‘किचन टेबल’ने १९८३ मध्ये ते आपल्या छत्राखाली पुन्हा छापलं. वर्ण, वर्ग, लिंग यांचे जाच एकमेकांत गुंतलेले असतात हा विचार आज विद्यापीठांत सहज उच्चारला जातो. तो ज्या पुस्तकांनी रुजवला त्यांना पहिली काही वर्षं घर दिलं ते या दुकानांनी, आणि त्याच पुस्तकांनी दुकानांना आरसाही दाखवला.

काही ठिकाणी हा आरसा सोसला नाही. १९८२ मध्ये ओकलंडच्या ‘अ वुमन्स प्लेस’मध्ये वर्णभेद आणि सत्ता या प्रश्नांवरून सदस्यांत उभी फूट पडली. कुलपं बदलली गेली, प्रकरण लवादापर्यंत पोचलं. संस्थापक सदस्य ॲलिस मॉलॉय आणि कॅरल विल्सन यांनी पुढच्या वर्षी ‘ममा बेअर्स’ हे वेगळं दुकान काढलं, आणि जुनं दुकानही फार काळ टिकलं नाही. ज्यांनी दहा वर्षं एकत्र फळ्या ठोकल्या, त्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. ही जखम खोल होती. इतर शहरांतल्या दुकानांनी मात्र त्यातून धडा घेतला. वर्णभेदावर कार्यशाळा झाल्या, पुस्तकांच्या याद्या नव्याने केल्या गेल्या, भरतीचे निकष बदलले. टोरांटोच्या दुकानात तर पुढे गोऱ्या नसलेल्या स्त्रियांच्या हाती कारभार आला आणि वर्णभेदविरोधी साहित्यासाठी ते कॅनडाभर ओळखलं जाऊ लागलं. चुका मान्य करून सुधारणं ही या दुकानांची मोठी कमाई आहे असं मी समजते.

हार्बर्ड रस्त्यावरची आग

टोरांटोचं ‘विमेन्स बुकस्टोअर’ १९७३ पासूनचं. १९८३ मध्ये ते हार्बर्ड रस्त्यावर होतं. त्याच इमारतीत, दुकानाच्या वर, जूनमध्ये डॉक्टर हेन्री मॉर्गेंटेलर यांनी गर्भपाताचं क्लिनिक उघडलं. कॅनडात तेव्हा गर्भपात करायचा तर रुग्णालयाच्या समितीची परवानगी लागे, आणि कित्येक रुग्णालयांत तशी समितीच नसे. कायदा धाब्यावर बसवून हे क्लिनिक उघडपणे सुरू केलं होतं. निदर्शनं, धमक्या, पोलिसांचा छापा सगळं लगोलग झालं.

२९ जुलैला इमारतीला आग लावली गेली. रोख क्लिनिकवर होता. क्लिनिक थोडक्यात बचावलं आणि खालचं पुस्तकांचं दुकान होरपळलं. दहा वर्षांत जमवलेली पुस्तकं गेली. दुकानाने माघार घेतली नाही. वाचकांनी आणि स्त्री-संघटनांनी पैसे उभे केले, आणि त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर दुकान पुन्हा उघडलं. २८ जानेवारी १९८८ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉर्गेंटेलर यांच्या खटल्यात तो गर्भपातविषयक कायदा रद्द ठरवला. या निकालाच्या इतिहासात एका जळलेल्या पुस्तकांच्या दुकानाचाही हिस्सा आहे. ज्यांनी आग लावली त्यांना पुस्तकं आणि क्लिनिक यांत फरक दिसला नसावा, आणि बाईला स्वतःच्या शरीराविषयी ज्ञान देणाऱ्या या दोन्ही जागा होत्याच.

पॅरिस ते बंगळुरू

ही लाट एका खंडापुरती राहिली नाही. पॅरिसमध्ये १९७४ साली आंत्वानेत फूक यांच्या गटाने स्त्रियांच्या पुस्तकांचं दुकान उघडलं. पुढच्या वर्षी मिलानमध्ये ‘लिब्रेरिया देल्ले दोन्ने’ सुरू झालं. इटलीतल्या स्त्रीवादी विचाराची एक स्वतंत्र शाखाच त्या दुकानातल्या चर्चांतून वाढली. लंडनमध्ये १९७८ साली ‘सिस्टरराइट’ आणि १९८४ मध्ये चेरिंग क्रॉस रस्त्यावर ‘सिल्व्हर मून’ आलं. १९८४ मध्येच लंडनला पहिला आंतरराष्ट्रीय स्त्रीवादी ग्रंथमेळा भरला.

योगायोग असा की भारतातही १९८४ हेच साल महत्त्वाचं. दिल्लीत उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी ‘काली फॉर विमेन’ हे देशातलं पहिलं स्त्रीवादी प्रकाशन स्थापन केलं आणि बंगळुरूत ‘विमोचना’ या संघटनेच्या कामातून ‘स्त्रीलेखा’ हे पुस्तकांचं दुकान उभं राहिलं. हुंडाबळींविरुद्धची आंदोलनं त्या काळात ऐन भरात होती. रस्त्यावरची घोषणा आणि फळीवरचं पुस्तक यांचं नातं इथेही तेवढंच घट्ट होतं.

मराठीचा धागा या गोष्टीत एका पुस्तकातून येतो. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फेमिनिस्ट प्रेस’ने सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’चा पहिला खंड छापला. त्यात सावित्रीबाई फुले, मुक्ताबाई, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक आहेत. ज्या प्रकाशनाची पुस्तकं अमेरिकेतल्या स्त्रीवादी दुकानांचा आधार होती, त्याच प्रकाशनाने या मराठी बायकांना इंग्रजी वाचकांसमोर नेलं. ताराबाईंच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’चं नशीब तर गिलमन यांच्या कथेसारखंच. १८८२ साली पुण्यात छापलेलं हे जळजळीत पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणलं, म्हणून ते आज आपल्या हाती आहे. मधली नव्वद वर्षं ते वाचण्यासाठी आसुसलेल्या बाया महाराष्ट्रात नव्हत्या असं कोण म्हणेल? पुस्तक टिकवून ठेवणारी जागा नव्हती.

मोठ्या दुकानांचा घाला

१९९० च्या दशकात अमेरिकेत ‘बार्न्स अँड नोबल’ आणि ‘बॉर्डर्स’ या कंपन्यांनी शहराशहरांत प्रचंड दुकानं उघडली. त्यांच्यात आता ‘स्त्री-अभ्यास’ असा विभाग होता, समलिंगी साहित्यही होतं. ज्या पुस्तकांना बाजार नाही असं सांगितलं गेलं होतं त्यांचा बाजार बायकांच्या दुकानांनी वीस वर्षं राबून तयार केला, आणि तो तयार झाल्यावर मोठ्यांनी उचलला. मोठ्या मागणीमुळे त्यांना प्रकाशकांकडून जास्त सूट मिळे, पुस्तक दर्शनी भागात मांडण्याचे वेगळे पैसेही मिळत. छोट्या दुकानाला त्या किमतीत विकणं परवडेना. शिवाय मोठी दुकानं छोट्या प्रकाशनांकडून ढीगभर प्रती मागवत आणि न खपलेल्या परत पाठवत. तो भार सोसता सोसता काही प्रकाशनं मोडली. अमेरिकेतल्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने १९९४ मध्ये काही प्रकाशकांवर आणि १९९८ मध्ये या दोन कंपन्यांवर दावे लावले. तोवर बरंच नुकसान होऊन गेलं होतं. ‘ओल्ड वाइव्ह्ज टेल्स’ १९९५ मध्ये बंद झालं, लंडनचं ‘सिल्व्हर मून’ २००१ मध्ये, ‘न्यू वर्ड्स’ २००२ मध्ये.

मिनिआपोलिसच्या ‘ॲमेझॉन’च्या वाट्याला याहून विचित्र झुंज आली. १९९५ मध्ये सिएटलच्या एका नव्या कंपनीने त्याच नावाने इंटरनेटवर पुस्तकं विकायला सुरुवात केली. सहकारी पद्धतीने चालणाऱ्या या दुकानात त्या कंपनीच्या ग्राहकांचे फोन येऊ लागले, तक्रारी येऊ लागल्या. एप्रिल १९९९ मध्ये दुकानाने नावाच्या हक्कासाठी दावा लावला. जबान्या घेताना कंपनीच्या वकिलांनी दुकानातल्या बायकांना त्यांच्या लैंगिकतेविषयी प्रश्न विचारले. नावाच्या वादाशी त्याचा काय संबंध, हे ज्यांनी त्या जबान्यांविषयी वाचलं त्यांच्यापैकी अनेकांनी विचारलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली. नावाचे हक्क कंपनीकडे गेले आणि दुकानाला आपलं जुनं नाव वापरायचा परवाना मिळाला. २००८ मध्ये मालकी बदलताना नावही बदललं आणि २०१२ मध्ये दुकान बंद झालं. टोरांटोचं दुकानही त्याच वर्षी मिटलं. चित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या गाजलेल्या चित्रमालिकेतल्या पुस्तकांच्या दुकानामागे मिनिआपोलिसच्या या दुकानाची प्रेरणा होती. मालिकेतलं दुकानही त्यांनी पुढे बंद झालेलं दाखवलं.

जे उरलं

२०१० च्या दशकात उत्तर अमेरिकेत अशी डझनभर दुकानं शिल्लक होती. ती टिकली त्यामागे ठोस कारणं आहेत. ‘कॅरिस’ने १९९६ मध्ये कार्यक्रमांसाठी वेगळी ना-नफा संस्था स्थापन केली, त्यामुळे व्याख्यानं, वाचनगट आणि तरुणींसाठीचे उपक्रम विक्रीच्या चढउतारावर अवलंबून राहिले नाहीत. २०१९ मध्ये ते एका महिला महाविद्यालयाच्या आवारात गेलं. ‘विमेन अँड चिल्ड्रन फर्स्ट’ची मालकी २०१४ मध्ये तिथेच काम करणाऱ्या दोघींकडे गेली. ॲन क्रिस्टोफरसन यांनी तर मधल्या काळात देशातल्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेचं अध्यक्षपदही भूषवलं. ब्रुकलिनच्या ‘कॅफे कॉन लिब्रोस’सारखी नवी दुकानं गेल्या काही वर्षांत निघाली, आणि त्यांच्या चालक बहुतांशी पुढच्या पिढीच्या आहेत.

ही दुकानं हरली असं मी म्हणणार नाही. ऑड्री लॉर्ड आज अमेरिकेतल्या कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते, घरगुती हिंसेवर सरकारी निधीतून केंद्रं चालतात, समलिंगी प्रेमाच्या कादंबऱ्या मोठे प्रकाशक हौसेने छापतात. यातला कितीतरी भाग त्या पडवीतून आणि मागच्या खोलीतल्या छपाईयंत्रातून सुरू झाला. पण कोणतं पुस्तक बाजारात राहावं आणि कोणतं जावं, हा निर्णय आता पुन्हा काही मोजक्या कंपन्यांच्या विक्रीच्या आकड्यांवर होतो. पुस्तक छापलं गेलं की लढाई संपत नाही, हे त्या बायकांनी १९७६ मध्ये ओळखलं होतं. खपत नसलं तरी हे पुस्तक लागेल, म्हणून ते ठेवायचंच, असं ठरवणारी माणसं प्रत्येक भाषेला लागतात, मराठीलाही. तो खर्च, ती मेहनत आणि तो हट्ट चळवळीचाच भाग आहे, आणि चळवळीने तो आपला मानूनच त्याचे पैसे भरले पाहिजेत.